शाळेच्या आवारात पाया खणण्याआधी पुरातत्त्वीय चाचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैठण, तेर, नेवासा, जुन्नर, कराड, कोल्हापूर, पवनी. या गावांत माणूस दोन हजार वर्षे किंवा त्याहून जास्त काळ सलग किंवा खंडाखंडाने राहत आला आहे. अशा गावांतल्या शाळांना आता नव्या वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, प्रयोगशाळा हव्या आहेत आणि त्या मिळायलाच हव्यात. पण पाया कुठे आणि कसा खणायचा हे ठरवण्याआधी खाली काय आहे ते पाहून घेणे शक्य असते, आणि बहुतेक ठिकाणी ते पाहिले जात नाही. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, संस्थाचालक आणि शाखा अभियंता यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

पुरातत्त्वीय चाचणी म्हणजे नेमके काय?

बांधकामाच्या जागेखाली जुन्या वस्तीचे थर आहेत का, असतील तर किती खोल आहेत, कोणत्या काळातले आहेत आणि कितपत शाबूत आहेत, हे कमीत कमी खोदाई करून पाहणे. पूर्ण उत्खनन ही वेगळी गोष्ट. चाचणीत जागेचा अगदी थोडा भाग उघडतात, आणि पुष्कळदा काहीच खणावे लागत नाही. जुने नकाशे, गॅझेटिअर, आधीच्या उत्खननांचे अहवाल आणि जमिनीवरची पाहणी एवढ्यावरच निम्मे उत्तर मिळते.

आमच्या शाळेखाली काही असेल हे कसे ओळखायचे?

पहिली खूण म्हणजे पांढरी. शाळेचे मैदान आजूबाजूच्या रानापेक्षा चार-पाच हात उंच असेल, माती राखाडी-पांढरट आणि पिठासारखी भुसभुशीत असेल, तर ते बहुधा जुन्या वस्तीचे टेकाड आहे. मातीच्या भिंती पडल्या, त्यावर पुन्हा घरे उठली, चुलीची राख, शेण, चुना, गवत त्यात मिसळत गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन वर चढत राहिली. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. माळवदावर टाकायला किंवा शेतात खत म्हणून माती कुठून आणायचे, हे ते हात करून दाखवतील. त्यांनी दाखवलेली जागा आणि शाळेची जागा पुष्कळदा एकच निघते, कारण गावठाणाच्या कडेची, शेतीला न लागणारी मोकळी जमीन शाळेच्या वाट्याला आली.

दुसरी खूण खापरे. पहिला मोठा पाऊस पडून गेला की मैदानाच्या उतारावर, गटाराच्या कडेला, झाडाच्या आळ्यात पाहा. लाल चकचकीत पृष्ठभागाचे, किंवा आतून आणि काठाशी काळे, बाहेरून खाली लाल असे खापरांचे तुकडे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजक्या मातीचे मणी सहज दिसतात. विटांकडेही लक्ष द्या. सातवाहनकाळातली वीट आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांब असते आणि तिच्यात भाताचा तूस मिसळलेला दिसतो. तेरचे त्रिविक्रम मंदिर मुळात अशाच विटांनी बांधलेले आहे. ते एकदा पाहिलेल्या माणसाला ही वीट पुन्हा ओळखायला अडचण येत नाही.

खापरे दिसली तर गोळा करू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, वस्तू तिथेच राहू द्या.

ही चाचणी कायद्याने सक्तीची आहे का?

याचे उत्तर तुमची शाळा कुठे आहे यावर अवलंबून आहे.

जवळ केंद्र सरकारने संरक्षित केलेले स्मारक किंवा पुरातत्त्वीय स्थळ असेल, तर १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम लागू होतो. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आहे. तिथे नवी इमारत होत नाही. त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. तिथे बांधकामाला राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. अंतर संरक्षित हद्दीपासून मोजायचे असते, देवळाच्या कळसापासून किंवा किल्ल्याच्या दरवाजापासून नाही. या चुकीमुळे अर्ज परत आलेले आहेत. स्मारक राज्य संरक्षित असेल तर राज्याचा १९६० चा कायदा पाहावा लागतो, आणि त्यासाठी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात सहायक संचालकांना लेखी विचारणे हाच सरळ मार्ग.

या दोन्ही हद्दींच्या बाहेर असाल, तर पाया खणण्याआधी जमिनीखाली पाहा अशी सक्ती तुमच्यावर कोणीही करत नाही. जुन्या गावांतल्या बहुतेक शाळा इथेच येतात. गाव दोन हजार वर्षांचे असते, पण संरक्षित असते एखादे देऊळ किंवा टेकाडाचा एखादा तुकडा. उरलेल्या गावाखाली काय आहे याची जबाबदारी कुठल्याही कागदावर कोणाच्याही नावे नाही. म्हणूनच हा निर्णय शाळेने स्वतः घ्यायचा आहे.

सक्ती नाही, तर मग कशासाठी करायची?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादचे उदाहरण घ्या. १९७४ मध्ये तिथे झाडाचे मूळ खणून काढताना चार भरीव कांस्यशिल्पे सापडली : बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. वजन मिळून साठ किलोंच्या वर. भारतातल्या प्राचीन धातुकामात त्यांना तोड नाही. पण ती उत्खननात मिळाली नाहीत, त्यामुळे ती कुठल्या थरातली, त्यांच्यासोबत कोणती खापरे होती, हे त्या क्षणी कोणी नोंदले नाही. पुढे त्याच जागी रीतसर उत्खनन झाले, तरी त्या शिल्पांच्या काळाबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही. वस्तू हातात आहे, पण तिचे वय खात्रीने सांगता येत नाही. कुठे आणि कशासोबत सापडले, ही माहिती एकदा गेली की नंतर कितीही पैसे खर्चून ती परत मिळत नाही.

दुसरे उदाहरण नेवाशाचे. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात प्रवरेकाठच्या लाडमोड टेकाडावर उत्खनन केले. तिथे ताम्रपाषाणयुगातल्या, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारे सोबत वापरली जात त्या काळातल्या, लहान मुलांची दफने मिळाली. मूल मातीच्या रांजणात ठेवून घराच्या जमिनीखाली पुरायची तेव्हा रीत होती. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे मण्यांतला धागासुद्धा टिकला होता, आणि तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस दोन्ही आढळले. तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या घरात कोणीतरी आपल्या लेकराला घातलेली माळ, आणि तिच्यातला धागा. हे कळले ते थापीने आणि ब्रशने हळूहळू माती काढणाऱ्या हातांमुळे. जेसीबीच्या बकेटने पुरुषभर खोल खड्डा अर्ध्या तासात होतो, आणि त्या ढिगात असा धागा कोणाच्याही नजरेस पडणार नाही.

तिसरे कारण निव्वळ बांधकामाचे आहे, ते पुढे येईलच.

चाचणीचे खड्डे आम्हीच खणले तर चालेल का?

नाही. पुरातत्त्वीय उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून परवाना लागतो, आणि तो प्रशिक्षित माणसांनाच मिळतो. विद्यापीठांचे विभाग किंवा राज्याचे संचालनालय तो मागतात, शाळा मागत नाही. उत्साहाच्या भरात इतिहासाच्या शिक्षकांनी मुलांना घेऊन खणायला सुरुवात केली, तर हेतू चांगला असूनही नुकसान तेवढेच होते.

पण एक मार्ग आहे आणि तो पूर्णपणे नियमात बसतो. इमारतीच्या आराखड्याआधी मृदा परीक्षणासाठी अभियंत्याला जागेवर दोन-तीन खड्डे घ्यावेच लागतात. त्या वेळी पुरातत्त्वाच्या जाणकाराला बोलवा. खड्डा अभियंत्याच्या कामासाठी, जाणकार फक्त त्याच्या भिंती पाहून नोंद करतो. पुण्यात कसबा पेठेत जुने वाडे पडून नव्या इमारतींचे पाये खणले जात होते, तेव्हा २००४ ते २००६ या काळात डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी अशाच बांधकामांच्या ठिकाणी पाहणी केली आणि पुण्याची वस्ती सातवाहनकाळापर्यंत मागे नेणारा पुरावा हाती लागला. नोंदीत महत्त्वाचे काही दिसले, तर मग परवान्यानिशी पुढचे काम करायचे.

खड्ड्याच्या भिंतीत ते काय पाहतात?

दीड मीटर लांब-रुंद, दोन मीटर खोल खड्डा आहे असे धरा. आधी एक भिंत थापीने वरून खाली तासून साफ करतात, त्यावर पाण्याचा हलका फवारा मारतात. माती ओली झाली की रंगांतला फरक उठून दिसतो. सगळ्यात वर खडी, गोळ्यांची वेष्टने, पेनांची टोपणे, विटांचे तुकडे : हा शाळेचाच थर. त्याखाली मैदान सपाट करताना टाकलेला मुरमाचा भराव. मग पांढरी सुरू होते आणि तिच्यात राखेच्या करड्या रेघा. मधेच बोटभर जाडीचा कठीण, सपाट पट्टा दिसतो. ती चोपलेली, सारवलेली घराची जमीन. तिच्यावर माती भाजून विटकरी झालेली असेल तर तिथे चूल होती. एके ठिकाणी वरच्या थरातून कोणीतरी साठवणीचा किंवा कचऱ्याचा खड्डा खणलेला असतो, तो खालच्या तीन थरांना कापत जातो आणि त्याची माती गडद असते. अगदी खाली, एकही खापर नसलेली काळी माती किंवा मुरूम लागला की माणसाच्या वस्तीआधीची जमीन आली.

हे सगळे आलेख कागदावर मोजमापाने काढतात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घेतात. प्रत्येक थरातली खापरे वेगळ्या पिशवीत, पिशवीवर थराचा क्रमांक, खोली आणि तारीख. उंदीर-घुशींची बिळेही नोंदतात, कारण त्यांतून वरचे नाणे दोन थर खाली घसरते आणि काळाचा अंदाज पार चुकवते.

रडारने न खणता दिसते ना?

काही जमिनीत दिसते. पण आपल्या काळ्या चिकण मातीत, त्यातून ती ओली असेल तर, रडारच्या लहरी लवकर विरतात. विद्युतरोध मोजण्याची पद्धत कधी कधी जास्त उपयोगी पडते. दोन्ही पद्धती भिंत किंवा पोकळी कुठे असावी हे सुचवतात, काळ सांगत नाहीत.

काम रखडेल, ३१ मार्चला निधी परत जाईल. त्याचे काय?

ही भीती खरी आहे आणि तिला हसून उडवणे बरोबर नाही. गळक्या खोलीत मुले बसलेली असताना ‘थांबा’ म्हणणे सोपे नसते. म्हणून चाचणीची जागा वेळापत्रकात पुढे असायला हवी. जुन्या खोल्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे त्या वापरातून काढून पाडण्याचा, प्रस्ताव जातो, तेव्हाच पाहणीसाठी पत्र पाठवा. निर्लेखन, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, एवढ्या टप्प्यांत महिने जातातच. पृष्ठभागाची पाहणी आणि दोन-तीन खड्ड्यांच्या नोंदी हे थोड्या दिवसांचे काम त्या काळात आरामात बसते. कार्यारंभ आदेश हातात आल्यावर, ठेकेदाराचे यंत्र फाटकात उभे असताना चाचणीची आठवण झाली, तरच काम अडते.

हंगाम लक्षात ठेवा. पावसाळ्यात काळ्या मातीतले खड्डे ढासळतात, आणि खड्ड्यात उतरलेल्या माणसाच्या जिवाला धोका असतो. दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंतचा काळ योग्य.

खर्च कोणी करायचा?

युरोपात बऱ्याच देशांत बांधकाम करणारा खर्च करतो. आपल्याकडे संरक्षित क्षेत्राबाहेरच्या शाळेसाठी असे ठरलेले लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातले खर्चाचे खाते, नाही. मात्र पाहणीचा खर्च मुळात फार नसतो : दोन माणसांचा प्रवास, मुक्काम, जेवण. मृदा परीक्षण अंदाजपत्रकात असतेच, त्याच खड्ड्यांचा उपयोग होतो. डेक्कन कॉलेज, नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग यांसारख्या ठिकाणी क्षेत्रकार्य हा अभ्यासाचाच भाग आहे. शाळेने राहण्याची सोय केली, पाणी-सावली दिली, तर अर्धी अडचण सुटते.

काही सापडले तर सरकार शाळेची जागा काढून घेईल का?

खापरे, विटा, एखादी पडकी भिंत मिळाली म्हणून शाळा उठवली जात नाही. स्थळ संरक्षित म्हणून जाहीर करायला अधिसूचना, हरकतींसाठी मुदत असा लांबचा रस्ता आहे आणि तो क्वचित ठिकाणी चालला जातो. बहुतेक वेळा नोंद होते, गरज वाटली तर इमारतीची जागा किंवा पायाचा प्रकार बदलतो आणि बांधकाम पुढे जाते. या भीतीपोटीच पुष्कळ ठिकाणी सापडलेल्या वस्तू रातोरात भरावात ढकलल्या जातात. ते थांबायला हवे असेल, तर ही गोष्ट गावात मोकळेपणाने सांगायला हवी.

मग इमारत बांधायची कशी?

इथे अभियंता आणि पुरातत्त्वज्ञ एकाच बाजूला असतात. पांढरीची माती म्हणजे राख, कचरा, पडलेल्या भिंती, मधले जुने खड्डे यांचा सैल भराव. एका कॉलमखाली घट्ट जमीन आणि शेजारच्या कॉलमखाली बुजलेला उकिरडा असेल तर इमारत कमी-जास्त खचते आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात. टेकाडावरच्या शाळांना पाच-दहा वर्षांत पडलेल्या भेगांचा दोष सिमेंटला दिला जातो. पायाखालच्या मातीकडे कोणी पाहत नाही.

त्यामुळे पहिला पर्याय म्हणजे इमारत टेकाडावरून उतरवून कडेच्या मूळ मुरमावर नेणे. आवार मोठे असेल तर हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगले. टेकाडाचा भाग मैदान म्हणून तसाच राहू द्यावा, खेळणाऱ्या मुलांच्या पायांनी खालच्या थरांचे काही बिघडत नाही. जागाच नसेल, तर प्रत्येक कॉलमखालच्या खोल फुटिंगऐवजी उथळ रॅफ्ट, म्हणजे सगळ्या इमारतीखाली एकच सलग काँक्रीटची लादी, चालेल का हे संरचना अभियंत्याला विचारावे. शोषखड्डा, पाण्याची भूमिगत टाकी आणि झाडांचे मोठे खड्डे यांचाही विचार त्याच वेळी करावा. इमारतीचा पाया जपला आणि मागच्या बाजूला दहा फूट खोल टाकी खणली, असे होते.

हाडे सापडली तर?

काम थांबवा, जागा झाका, पोलिसांना कळवा. हाडे अलीकडची की जुनी हे ठरवणे शाळेचे काम नाही. पंचनामा झाल्यावर जुनी आहेत असे दिसले तर पुरातत्त्व विभागाला बोलवावे. दफन कोणत्याही काळातले असो, मोबाइलवर फोटो फिरवू नयेत आणि मुलांना गर्दी करू देऊ नये. आजही नांदत्या समाजाची जुनी दफनभूमी असण्याची शक्यता असेल, तर त्या समाजातल्या जाणत्या माणसांशी आधी बोलावे.

नाण्यांचा गडू किंवा दागिने सापडले तर?

१८७८ चा निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही मौल्यवान वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. लपवणे हा गुन्हा आहे. कळवणाऱ्याचा हक्क कायदा मान्य करतो, लपवणाऱ्याचा हक्क बुडतो. खोदणाऱ्या मजुरांना हे कामाच्या पहिल्याच दिवशी, त्यांच्या भाषेत समजावून सांगा. त्यांचेच हात आधी तिथे पोहोचतात.

मुलांना यात सहभागी करून घेता येईल का?

जरूर, पण खड्ड्याबाहेर. खापरे पाण्यात टाकून जुन्या दात घासायच्या ब्रशने धुणे, सावलीत वाळवणे, काठ, बूड आणि पोट असे तुकडे वेगळे लावणे, मोजून वहीत लिहिणे, ही कामे जाणकारांच्या देखरेखीखाली सातवी-आठवीची मुले छान करतात. हाडे आणि धातू मात्र पाण्यात घालायचे नाहीत. आपल्या कबड्डीच्या मैदानाखाली कोणाची तरी चूल होती हे मुलाला स्वतःच्या हातातल्या खापरावरून कळते, तेव्हा सातवाहन हा शब्द परीक्षेपुरता राहत नाही.

इतर देशांत शाळांच्या आवारात असे होते का?

इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकाम परवानगीच्या प्रक्रियेतच हा विचार होतो. लेस्टर शहरात २०१२ मध्ये राजा तिसरा रिचर्ड याचे अवशेष एका वाहनतळाखाली मिळाले. त्या शोधातला एक चर शेजारच्या जुन्या शाळेच्या आवारात घेतला होता आणि रिचर्डला जिथे पुरले होते त्या, पुढे नाहीशा झालेल्या चर्चच्या आराखड्याचा उलगडा व्हायला तो उपयोगी पडला. त्याच जुन्या शाळेच्या इमारतीत २०१४ मध्ये अभ्यागत केंद्र सुरू झाले.

सापडलेल्या वस्तू शाळेत ठेवता येतील का?

परवान्याखालच्या उत्खननातल्या वस्तूंचे काय करायचे हे परवानगी देणारे खाते ठरवते. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू आहे. शाळेने छायाचित्रे, आलेखांच्या प्रती आणि प्रतिकृती आग्रहाने मागाव्यात. गावातच वस्तू राहाव्यात असे वाटत असेल तर तेरला जाऊन या. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्यांनी गावात आणि शेतांत मिळणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या, आणि आज त्या संग्रहाचे त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय त्याच गावात उभे आहे.

आमचे काम सुरू झाले आहे, पाया अर्धा खणला आहे. आता उपयोग आहे का?

आहे. उरलेल्या खड्ड्यांच्या भिंती अजून उभ्या आहेत. आजच प्रत्येक खड्ड्याला क्रमांक द्या आणि नकाशावर लिहा. सकाळच्या तिरप्या उन्हाऐवजी सावलीत, मोजपट्टी उभी धरून चारही भिंतींचे फोटो घ्या. खड्ड्यातून निघालेली माती त्या-त्या खड्ड्याशेजारीच ठेवायला सांगा. ती ट्रॅक्टरने दुसरीकडे भरावाला गेली की कशाचा कशाशी संबंध उरत नाही. विभागीय सहायक संचालक आणि जवळच्या विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग, दोघांनाही फोटोंसह ईमेल करा, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. पाहायला माणूस येईपर्यंत ठेकेदाराला ज्या बाजूला भराव किंवा मुरूमच लागला आहे तिथले काम करू द्या, म्हणजे मजुरांचा रोजही बुडणार नाही. आणि काँक्रीट ओतण्याची तारीख कळवायला विसरू नका, कारण त्याच्या आदल्या दिवसापर्यंतच त्या भिंती दिसणार आहेत.